तांडा, कॅरॅव्हान आणि एक रिकामा रकाना



गेल्या महिन्यात इंग्लंडहून भाच्याचा फोन आला. लीड्सला असतो तो. बायको आणि दोन मुलांना घेऊन आठवडाभर सुट्टीवर निघाला होता, आणि निघाला होता तो घर पाठीमागे बांधून. मोटारीला जोडायची चाकांवरची खोली, तिला ते कॅरॅव्हान म्हणतात. मुलांनी व्हिडिओवर मला सगळे फिरवून दाखवले. दिवसा बाक आणि रात्री पलंग, मांडीएवढे स्वयंपाकघर, कपाटात लपलेला संडास.

"आत्या, या वेळी आम्ही साइटवर थांबत नाही आहोत," तो अभिमानाने म्हणाला. साइट म्हणजे अशा गाड्या लावण्याचे आवार. तिथे विजेची जोडणी मिळते, नळ असतो, सामायिक न्हाणीघरे असतात. यांनी ते सगळे टाळून एका शेतकऱ्याची परवानगी काढली आणि त्याच्या कुरणात मुक्काम ठोकला. वीज छपरावरच्या सौरपट्टीतून आणि बॅटरीतून. स्वयंपाक सिलिंडरवर. पाणी चाळीस लिटरच्या प्लास्टिकच्या पिंपात, ते जमिनीवरून लोळवत आणायचे. "चाळीस लिटरमध्ये चौघांनी दीड दिवस काढला!" सोलापूरकराला पाण्याची ही बढाई सांगावी, यापरती गंमत नाही. आमच्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येते ते त्याच्या आईला विचारावे.

मी विचारले, "पण आहात कुठे? गाव कोणते?" तर म्हणाला, "गाव नाहीये गं जवळ. थांब, खूण पाठवतो." आणि मोबाईलवर नकाशा आला. हिरव्या रंगात एक निळी रेघ, म्हणजे ओढा, आणि त्याच्या काठावर लाल टाचणी.

त्या टाचणीने माझी झोप उडवली. का, ते शेवटी सांगते. आधी थोडा इतिहास, कारण शाळा सुटून इतकी वर्षे झाली तरी मास्तरकी सुटत नाही.

कॅरॅव्हान हा शब्द इंग्रजांचा नव्हे. मूळ फारसी 'कारवान', म्हणजे एकत्र प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यांचा काफिला. हैदराबादेत कारवान नावाची पेठ आजही आहे. आपल्याकडे या शब्दाला अस्सल प्रतिशब्द आहे तो म्हणजे तांडा. आज तांडा म्हटले की आपल्याला वस्ती आठवते. सोलापूरच्या माणसाला तर मुळेगाव तांडा नाहीतर दोड्डी तांडा. पण तांडा म्हणजे मुळात वस्ती नव्हेच. तांडा म्हणजे चालणारी गोष्ट. ती थांबवली गेली तेव्हा तिचे नाव जागेला चिकटले.

लमाण म्हणा, बंजारा म्हणा, या लोकांनी काही शतके हिंदुस्थानचे धान्य पाठीवर वाहिले. लमाण हे नाव लवणावरून, मिठावरून आले असे बहुतेक जण मानतात. समुद्रकाठचे मीठ वर देशात न्यायचे आणि देशातले धान्य घेऊन परत फिरायचे. वाहन एकच, बैल. गाडीचा बैल नव्हे, पाठीवर दोन बाजूंना दोन गोण्या टाकलेला बैल. घाटातल्या पायवाटेने गाडी जात नाही, बैल जातो.

हे किती मोठ्या प्रमाणावर चालत असे त्याची कल्पना यावी म्हणून दोन साक्षी देते. पीटर मंडी नावाचा इंग्रज 1632 मध्ये आग्र्याहून पाटण्याकडे निघाला होता. वाटेत त्याला एक तांडा भेटला, त्यात चौदा हजार बैल होते, सगळे धान्याने लादलेले. बायका, मुले, सगळा संसार बरोबर. दुसरा साक्षीदार फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए. त्याने त्याच शतकात दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले, आणि अरुंद वाटेवर तांडा पुढे निघून जाईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबून राहावे लागते अशी तक्रार लिहून ठेवली. (हायवेवर ऊसाच्या ट्रॅक्टरमागे अडकल्यावर मी ताव्हर्निएची आठवण काढते. राग जरा कमी होतो.) या लोकांना घरे नसतात, ते बायकामुलांसह कायम फिरतीवर असतात, हेही त्याने नोंदवले आहे.

आता भाच्याच्या पिंपाकडे या. चौदा हजार बैल आणि काहीशे माणसे संध्याकाळी माळावर उतरली, तर त्यांचे पाणी, चारा, उजेड, संरक्षण याची सोय काय?

सगळ्यात आधी वेग. मंडी लिहितो की तांडा दिवसाला फार तर सहा-सात मैल जातो. म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. सोलापूरहून पंढरपूर, जिथे आपली एस.टी. दोन तासांत पोचते, तिथे तांड्याला आठवडा लागेल. वाचून आपल्याला वाटते, किती हे संथ. पण तोच तर या धंद्याचा कणा होता. बैल भराभर हाकला तर त्याला पेंड, कडबा विकत घालावा लागतो. सावकाश नेला तर तो वाटेवर चरत जातो. दुपारी गोण्या उतरवायच्या आणि बैल मोकळे सोडायचे. चारा फुकट, म्हणून वाहतूक स्वस्त. गवत हेच त्यांचे इंधन होते. म्हणून वाट ठरायची ती जवळची कोणती यावर नव्हे, तर कोणत्या महिन्यात कुठे गवत असते आणि कोणत्या ओढ्याला तोवर पाणी टिकते यावर. गावे त्यांच्या वाटेवर असत, पण मुक्काम बहुधा गावाबाहेर. एवढी जनावरे गावाच्या पाणवठ्यावर उतरली तर भांडण ठरलेले. शिवाय उभ्या पिकात बैल शिरण्याची धास्ती.

मुक्कामाची रचना मला फार आवडते. उतरवलेल्या गोण्या एकावर एक रचून त्यांची भिंत करायची. आत माणसे, बाहेर शेकोट्या, आणि राखणीला तांड्याची दांडगी कुत्री. जो माल विकायला चाललाय तोच रात्री गावकुसाचे काम करतो. सकाळी भिंत पुन्हा बैलांच्या पाठीवर. उजेड शेकोटीचा आणि चांदण्याचा. सरपणाला वाळक्या काटक्या आणि शेण, आणि शेणाला तर तोटा नाहीच. चूल म्हणजे तीन दगड. ते काही बरोबर न्यावे लागत नाहीत.

पुढच्या बैलाचा थाट वेगळा असे. बालाजीच्या नावाने सोडलेला एक बैल, त्याला हातड्या म्हणत. त्याच्या पाठीवर ओझे नाही. अंगावर तांबडी झूल, कवड्या, घुंगरं. कुणी आजारी पडले तर त्या बैलासमोर नवस बोलायचा. दवाखानाही बरोबर चालत होता म्हणायचा. पावसाळ्याचे चार महिने मात्र तांडा हलत नसे. चिखलात बैल रुततो, धान्य भिजते. तेव्हा चांगल्या चराईच्या जागी पाले ठोकायची, लग्ने उरकायची, सुया-दोरे काढून कपड्यांवर आरसे-कवड्या टाचायच्या. बंजारा बायकांचे जे भरतकाम आज शहरातल्या दुकानांत भारी किमतीला विकले जाते, त्याचे माहेर ही पावसाळी पाले असावीत असे मला वाटते.

सोयी अजिबात मागितल्या नाहीत असेही नाही. बंजाऱ्यांमध्ये एक आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शहाजहानच्या काळी आसफखान दख्खनवर चालून आला, तेव्हा त्याच्या फौजेला धान्य पुरवायला भंगी आणि जंगी या दोन नायकांचे लाखांवर बैल होते. बैल मागे पडू लागले तर घोडेही उपाशी मरणार. तेव्हा खानाने त्यांना ताम्रपट दिला म्हणतात, सोन्याच्या अक्षरांचा. त्यात तीन हक्क होते : पाणी नसेल तिथे लोकांच्या घरातल्या रांजणातले पाणी घ्या, गवत नसेल तिथे घरांच्या छपराचे गवत बैलांना घाला, आणि दिवसाला तीन खून माफ. खरेखोटे तो ताम्रपट जाणे. पण बघा, यात सोने मागितलेले नाही, जमीन नाही. पाणी आणि चारा. तिसऱ्या हक्काबद्दल मी काही बोलत नाही, पण ज्यांच्या रांजणावर आणि छपरावर हे फर्मान निघाले त्या गावकऱ्यांना तांडा कसा दिसत असेल याचाही विचार करावा. तांड्याचा इतिहास नुसता भाबडा करून सांगण्यात अर्थ नाही.

फौजांना ते हवेच होते. मोगलांना, मराठ्यांना आणि पुढे इंग्रजांनाही. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि 1803 मध्ये वेल्स्लीने दख्खनेत मराठ्यांशी लढाया केल्या, त्या लढायांत इंग्रज फौजेच्या पोटाला धान्य लमाणांच्या बैलांवरून गेले. वेल्स्लीच्या पत्रांत 'ब्रिंजारी' हा शब्द ठिकठिकाणी येतो. आज कोण जिंकले कोण हरले ते आपण मुलांकडून पाठ करून घेतो (मीही घेतले), पण हजारो माणसे परमुलखात महिनोन्‌महिने जेवली काय, हा प्रश्न पेपरात कधीच येत नाही.

मग आली रेल्वे. आमच्या सोलापुरात ती 1860 मध्ये आली. 1871 मध्ये ती पुढे रायचूरला जाऊन मद्रासकडून येणाऱ्या रेल्वेला मिळाली, म्हणजे मुंबई-मद्रास असा लोखंडी रस्ता सोलापूरवरून पुरा झाला. तांड्याला जो माल न्यायला महिना-दीड महिना लागे तो गाडीने दोन-तीन दिवसांत जाऊ लागला. एका फटक्यात तांडे संपले असे मात्र नाही. रूळ जिथे नव्हते तिथे बैल बरीच वर्षे चालत राहिले. आमच्या जिल्ह्यात तेही हळूहळू आटले. 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी बार्शीला पोचली, 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला. आमच्या पिढीने त्या गाडीची खूप थट्टा केली, चालत्या गाडीतून उतरून बोरे तोडून परत चढता येते वगैरे. पण त्या गाडीने कुणाचे ओझे उतरवले ते तेव्हा कुणी सांगितले नाही.

मालाबरोबर चाराही गेला. 1878 च्या जंगल कायद्याने राने राखीव झाली. पूर्वी ज्या माळावर बैल मोकळे सुटत, तिथे आता चराईची पावती विचारणारा गार्ड उभा राहिला. गवत विकत घ्यायचे म्हटल्यावर तांड्याचा हिशेबच मोडला.

आणि 1871 याच साली, ज्या साली रूळ रायचूरला मिळाले त्याच साली, सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पहिल्यांदा तो उत्तरेत लागू झाला. 1911 च्या नव्या कायद्याने तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला. ज्या जमाती या यादीत घातल्या त्यांतला माणूस जन्मतःच गुन्हेगार. त्याने हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हलायचे नाही, आणि सरकारला वाटले तर त्याला कुटुंबासह कुंपणाआड वस्तीला आणायचे. वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या जमाती या यादीत होत्या. कैकाडी, पारधी, टकारी, मांग गारुडी, कंजारभाट, भामटे... काही प्रांतांत बंजारेही. त्यांच्यापैकी कुणी चोऱ्या केल्याच नाहीत असे मी म्हणत नाही. पण गुन्हा माणसाचा असतो, सबंध जमातीचा आणि पाळण्यातल्या पोराचा कसा असेल? माझ्या समजुतीप्रमाणे इंग्रजांना खरी अडचण चोरीची नव्हती. ज्याचे गाव नाही, ज्याच्या नावावर जमीन नाही, म्हणून जो सातबाऱ्यावर नाही आणि पाटलाच्या वहीत नाही, अशा माणसाचे करायचे काय हे त्यांना कळत नव्हते. पुढे आपल्यालाही कळले असे नाही.

सोलापूरकरांना हे पुस्तकात शोधावे लागत नाही. आपल्या गावात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. रिक्षावाल्याला सांगितले की तो नेतो. सेटलमेंट फ्री कॉलनी. मी लहानपणी समजत असे की फ्री म्हणजे भाडे नसलेली. फार उशिरा समजले की सेटलमेंट म्हणजे तारेच्या कुंपणाआडची ती वसाहत, आणि फ्री कॉलनी म्हणजे ज्यांची वागणूक 'सुधारली' त्यांना कुंपणाबाहेर राहायला दिलेली जागा. तिथल्या बायका-पुरुषांना गिरण्यांत कामाला पाठवत. सोलापूरची पहिली गिरणी 1877 मध्ये सुरू झाली, पुढे गिरण्या वाढल्या आणि त्यांना हात हवेच होते. सकाळी हजेरी, मग भोंगा, मग गिरणी, संध्याकाळी पुन्हा हजेरी. आपण सोलापुरी चादरीचे कौतुक जगभर सांगतो, त्या गावाच्या कापडात हेही सूत आहे. कायदा देशभरातून उठला तो 31 ऑगस्ट 1952 ला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी. म्हणून हे लोक 31 ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. पुढे लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' 1987 मध्ये आले, तेव्हा आम्हा मराठीच्या शिक्षकांना शहराबाहेरच्या या पालांत काय चालते ते कळले. आम्ही रोज त्याच रस्त्याने शाळेत जात होतो.

इंग्लंडातही गोष्ट फार वेगळी नाही, म्हणून सांगते. 1885 मध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका नौदलातल्या निवृत्त डॉक्टरने हौसेखातर घोड्यांची एक ऐटबाज गाडी बांधून घेतली आणि तीत राहून तो देशभर हिंडला. सुट्टीसाठी कॅरॅव्हानने फिरण्याची सुरुवात तिथून धरतात. 1907 मध्ये तिथे या हौशी लोकांचा क्लब निघाला. पण त्याच रस्त्यांवर शतकानुशतके जिप्सी लोक गाड्यांत राहत होते, त्यांना मात्र गावोगाव हाकलत. यांच्या रोमानी भाषेचे मूळ हिंदुस्थानात आहे हे भाषाशास्त्राने सिद्ध केलेले आहे. 2022 मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि परवानगीशिवाय जागेवर गाडी लावून राहणे हा काही परिस्थितीत फौजदारी गुन्हा ठरला. माझ्या भाच्याने परवानगी काढली होती, तेव्हा प्रश्न नाही. पण त्याला परवानगी सहज मिळाली, कारण लीड्सला त्याचे घर आहे. ज्याला परत जायला घर आहे त्याचे फिरणे ही सुट्टी असते.

आपल्या महाराष्ट्र सरकारनेही 2021 मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण काढले. पर्यटकांच्या गाड्यांसाठी कॅरॅव्हान पार्क, तिथे वीज, पाणी, स्वच्छतेची सोय. चांगलेच आहे, निघू द्यात लोक फिरायला. पण त्याच बातमीचा कागद हातात घेऊन मी त्या हिवाळ्यात पंढरपूर रस्त्याने जात होते, आणि बाहेर कारखान्याच्या हद्दीत ऊसतोडीच्या कोप्या दिसत होत्या. आमच्या जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या सुमारास बीडकडून, मराठवाड्यातून टोळ्या येतात, त्यांत वंजारी आहेत, बंजारे आहेत, सगळेच आहेत. नवराबायको मिळून एक कोयता. बैलगाडीत भांडीकुंडी, शेळी, पोरे आणि कोपीचे सामान. पाच-सहा महिने माळावर. वीज नाही, नळ नाही, संडास नाही. बायका पहाटे तीनला उठतात ते ऊस तोडायला लवकर जायचे म्हणून, आणि अंधार आहे तोवर बाहेर जाऊन यायचे म्हणूनही. हाही कॅरॅव्हानच. फक्त याला कुणी पार्क बांधत नाही.

आता ती टाचणी.

1974 चा जून. मी नुकतीच नोकरीला लागले होते. प्रवेशाचे दिवस होते, आणि जनरल रजिस्टर भरायचे काम नव्या बाईंकडे, म्हणजे माझ्याकडे आले. शाळेच्या पलीकडे रस्त्याचे काम चालू होते. खडी फोडणाऱ्या लमाणांची टोळी माळावर पाले ठोकून उतरली होती. त्यातला एक माणूस नऊ-दहा वर्षांच्या पोराला घेऊन आला. डोक्याला तांबडा फेटा, हाताला खडीचे घट्टे. मुलाला कुणीतरी अक्षरे शिकवली होती, पाटीवर नाव छान काढले.

मी रकाने भरत गेले. नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख अंदाजे. मग जन्मस्थळ : गाव, तालुका, जिल्हा.

"याचा जन्म कुठला?"

"मोहोळच्या अलीकडं बाई. वढा लागतो बगा, त्येच्या काठाला तीन चिंचा हायत. तितं."

"अहो, गाव कोणतं?"

"गाव न्हाई. वाटंवर झाला की."

मी पुन्हा विचारले. तो पुन्हा तेच म्हणाला, आणि या वेळी अधिक नीट. ओढ्याला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असते, चिंचा कोणत्या बाजूला, टोळी तिथे तीन दिवस थांबली होती, म्हातारीने नाळ कुठे पुरली. माझ्या मागे रांग वाढत होती. मी त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "पुढचे या."

तेवढेच. त्यानंतर मी ते विसरलेसुद्धा. तो मुलगा शाळेत दोन वर्षे होता, गणितात हुशार. मग टोळी पुढे गेली.

2006 मध्ये तो मला शोधत घरी आला. केस पिकायला लागलेले. लातूरकडे एका तांड्यावर घर बांधले होते, ट्रॅक्टरची दुरुस्ती करायचा. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता, पण जात पडताळणीचे अडले होते. विमुक्त जातीच्या माणसाला त्याचे घराणे 21 नोव्हेंबर 1961 ला महाराष्ट्रात राहत होते असे दाखवावे लागते. कुठे राहत होते? ओढ्याकाठी. पुरावा काय? बापाचा शाळेचा दाखला बघतात, तर तो शाळेतच गेला नाही. मुलाचा दाखला बघतात, तर जन्मस्थळापुढे रेघ.

"बाई, अक्षर तुमचं आहे," तो म्हणाला. रागाने नाही. दाखल्याची झेरॉक्स त्याने टेबलावर ठेवली. दाखल्यावर अक्षर अर्थातच कारकुनाचे होते, पण तो रजिस्टर बघून आला होता. तिथली निळी रेघ माझीच.

मी त्याच्याबरोबर गेले, साहेबांना भेटले, झाले ते सांगितले. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरात फेरफार करता येत नाही, असे उत्तर मिळाले. नियम म्हणून ते बरोबरच होते. मी प्रतिज्ञापत्र लिहून दिले, त्याचा उपयोग झाला नाही. मुलीचे ते वर्ष गेले. शेवटी अक्कलकोट तालुक्यातल्या एका शाळेत चुलत्याची 1958 ची नोंद सापडली, तो तिथे एक पावसाळा शाळेत बसला होता. त्या एका पावसाळ्यावर पुढच्या वर्षी दाखला मिळाला.

मी त्या रकान्यात 'मोहोळजवळ' एवढे तरी लिहू शकले असते. कुणी अडवले नसते. तालुका मोहोळ, जिल्हा सोलापूर. त्या माणसाने मला जो पत्ता सांगितला तो गावाच्या नावापेक्षा पक्का होता. त्यात पाणी होते, झाडे होती, अंतर होते. त्याच्या वाडवडिलांनी हजारो बैल याच पत्त्यांवर नेले होते. मला तो पत्ता आहे हेच कळले नाही. बी.ए.ला मी इतिहास घेतला होता.

मुलगी पुढे शिकली, पुण्याला नोकरीला लागली. 2014 च्या सुमारास तो पेढे घेऊन आला होता. पुणे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला होता, गाडीने तासाभरात मोहोळच्या पुढे. येताना वाटेत उतरून ती जागा बघितली म्हणाला. बापाने लहानपणी इतक्यांदा दाखवली होती की डोळे मिटून सापडली असती. पूल मोठा झालाय, रस्ता त्या बाजूला सरकलाय.

"आणि चिंचा?" मी विचारले.

"दोन गेल्या बाई, रुंदीकरणात. एक हाय अजून."

ओढ्याला पाणी असते का, असेही मी विचारले. पावसाळ्यात असते म्हणाला.